सुट्टीतला सिनेमा
भाजक्या शेंगांचा वास आला की खडेबाजारातला तो सिनेमा आठवतो. महायुद्ध चालू होतं आणि पलटणीतून सुट्टीवर आलेले माझे मालक दुसऱ्या दिवशी परत निघणार होते. पडद्यावरचा शिपाईही लढाईवर चालला होता, त्याची प्रेयसी रडत होती. निळसर अंधारात हे माझ्या कानाशी पुटपुटले, "तू ऱ्हा म्हणालीस तर मी न्हाय जात गं." 'ऱ्हावा' असं अगदी ओठांवर आलं होतं, पण पळालेल्या शिपायाला धरून नेतात हे मला ठाऊक होतं. "जावा तुमी," मी म्हटलं, "मी हाय की हितं." बाहेर संध्याकाळचं धुकं उतरलं होतं. भर बाजारात त्यांनी माझा हात धरला, तो आमचं गाव अनगोळ येईपर्यंत सोडला नाही. लढाईवरून ते परतले नाहीत. मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं का, हे या वयातही मला ठरवता येत नाही.