कळता कामा नये

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एका डेटा सेंटरमध्ये वीज वाचवायच्या कामावर आहेत. तिथं एकेका सर्व्हरच्या पोटात दहा-वीस आभासी संगणक भाडेकरूंसारखे राहतात. गर्दी ओसरली की भाऊजी त्यांना चालू कामासकट मोजक्या सर्व्हरांवर हलवतात आणि रिकामे झालेले सर्व्हर बंद करतात. याला ते स्थलांतर म्हणतात. खुबी एकच, हलवलेल्याला कळता कामा नये. हे सांगताना त्यांचा थाट असा, जणू विजेचा शोध यांनीच लावला.

ऑफिसात काय हवं ते करा बापडे. पण घरी माणसं दोन आणि खोल्या तीन, हे त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. ताई तोंड धुऊन येईपर्यंत तिचा चहा स्वयंपाकघरातून बाहेर गेलेला असे, आणि स्वयंपाकघरात अंधार. ती हसण्यावारी न्यायची. मग एकदा ती बाजारात गेली असताना त्यांनी तिचं शिलाई मशीन ओट्याशेजारी आणून ठेवलं आणि शिवणाची खोली कायमची बंद केली. स्वतःसाठी म्हणून ताईनं आयुष्यात तेवढी एक खोली मागून घेतली होती. मला भाऊजींचा भयंकर राग आला. ताई मात्र अवाक्षर बोलली नाही, आणि ताई गप्प बसली की मला धडकी भरते.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याकडे येताना एकेक पिशवी आणू लागली. आधी कापडं, मग कपडे, मग टॅक्सीतून मशीन. शेवटी ती स्वतःच माझ्याकडे राहायला आली. भाऊजींना पत्ता नाही. ते कॅन्टीनमध्ये जेवून यायचे, दिवा न लावता चाचपडत पलंग गाठायचे आणि उजाडायच्या आत निघायचे. दिवा लावला असता तर शेजारची रिकामी उशी दिसली असती.

मग एका दुपारी त्यांचा मला फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती. घरातला विजेचा वापर कधी नव्हे इतका उतरला होता, फक्त कारण सापडत नव्हतं. ताईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"कारण इथं आहे," ती म्हणाली. "स्थलांतर झालं. कळलं नाही ना?"

तासाभरात भाऊजी माझ्या दारात. मी मुद्दाम घरभर दिवे लावून ठेवले होते, पण त्यांनी एकाही बटणाकडे पाहिलं नाही. चेहरा एवढासा झाला होता.

"चुकलो," ते ताईला म्हणाले. "तुझी खोली उघडलीय. दिवा लावून आलोय. तू येईपर्यंत बंद करणार नाही."

ताई शिवत राहिली. मग तिनं मान वर केली.

"रिकाम्या घरात दिवा चालू ठेवून आलात?"

ते हो म्हणाले.

तिनं दोरा तोडला आणि पिशवी उचलली.

"चला लवकर," ती म्हणाली. "वीज काय फुकट येते?"