उंबऱ्यावरची ताटली

आमच्या मागच्या खिडकीतून विडी कामगारांची चाळ दिसते. बावीस खोल्या, समोरासमोर, मधे एक बोळ. गेल्या वर्षी दुष्काळ ऐन भरात असताना त्या बोळातून रोज दुपारी मार्था भिंगारदिवे काखेत पत्र्याचा डबा घेऊन फिरायची.

मार्थाबाई विधवा, पन्नाशीची. विड्या वळून बोटं पिवळी झालेली, आणि आवाज असा की चर्चमध्ये गाणं सुरू झालं की पाद्रीसाहेब तिला मागच्या बाकावर बसवायचे. डबा होता मुठीचा. ज्या घरात पीठ असेल त्यानं एक मूठ टाकायची.

"गोजरबाई, ही मूठ हाय का चिमूट? देवाला हळद वाहतीस व्हय?"

"तुझी जीभ भाजली तर सगळी चाळ आठवडाभर जेवंल, मार्थे!" असं म्हणत गोजरबाई आणखी एक मूठ टाकायची.

त्या पिठाच्या भाकरी मार्थाबाईच्याच चुलीवर व्हायच्या. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या, थापता थापता तुटणाऱ्या. द्यायच्या कुणाला, यासाठी तिनं एक नियम केला होता. ज्याची चूल पेटली नाही त्यानं उंबऱ्यावर ताटली पालथी ठेवायची. ती भाकरी खाली सरकवून पुढे जाई.

"कुनी बोलायचं न्हाई, कुनी विचारायचं न्हाई," ती मला म्हणाली होती. "मागताना मान खाली जाती, वैनी. मी आपली ताटली बघती, मानूस बघत न्हाई."

मला ते फार आवडलं होतं. आमच्या दारात कुणी पालथं भांडं ठेवलं असतं तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चाळीतल्या जुन्या बायका सुरुवातीला कुरकुरल्या, मग सरावल्या.

मे महिन्यात शेवटच्या खोलीत मिरजगावकडची लंकाबाई राहायला आली. नवरा सूर्यभान खडी फोडायच्या कामावर गेला की पंधरा पंधरा दिवस येत नसे. घरात त्याची आई केशरबाई, अंथरुणाला खिळलेली. मार्थाबाईनं लंकाबाईला नियम सांगितला, तिनं मान हलवली. त्यानंतर तिच्या उंबऱ्यावर ताटली रोज असायची. घासूनपुसून लख्ख, आणि उताणी.

"शेवटच्या खोलीचं बरं चाललंय," मार्थाबाई म्हणायची. "पोरगी टुकीनं संसार करती."

मधे दोन दिवस ती भावाकडे नेवाशाला गेली. डबा गोजरबाईनं फिरवला, तोही नियमाप्रमाणे. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मार्थाबाई परतली ती बोळाच्या मागच्या तोंडानं, म्हणजे पहिली खोली लागली ती लंकाबाईचीच. दार उघडं. उंबऱ्याच्या आत एक पाटी पालथी घातलेली.

"अगं लंके! ताटली सोडून एकदम पाटीच? एवढी भूक?" हसत हसत तिनं भावजयीनं बांधून दिलेल्या दोन भाकऱ्या काढल्या आणि खाली सरकवायला पाटीची कड उचलली.

खाली पीठ पसरलेलं होतं. बाजूला दिवा जळत होता.

केशरबाई आदल्या रात्री गेली होती. सकाळी सगळं उरकून माणसं कामाला लागली होती. जीव गेला त्या जागी पीठ पसरून पाटी झाकायची, कुठलं पाऊल उमटतं ते बघायचं, ही आमच्याकडची रीत. मार्थाबाईच्या घरात तीन पिढ्यांत ते कधी झालं नव्हतं.

कोपऱ्यात बसलेली लंकाबाई म्हणाली, "अक्का, म्हातारी खाटंवर हुती. दारात भांडं पालथं कसं घालू? मीच मरान बोलावल्यावानी झालं असतं."

"मग मला हाक मारायची, बाई."

"तुमीच म्हनला हुता, बोलायचं न्हाई."

पाटीखालचं पीठ तिनं त्या सकाळी गोजरबाईकडून मागून आणलं होतं. सासूला भरवायला मागितलं नव्हतं.

म्हातारी दुखण्यानंच गेली, असं आम्ही सगळ्यांनी मार्थाबाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वैनी, ते पीठ मी बघितलंय. एक मूठ हुतं."

ताटलीचा नियम त्या दिवशीच मोडला. तेव्हापासून ती प्रत्येक घरात शिरते, चुलीपाशी वाकते, राखेवर हात धरून बघते. "फौजदारीण आली," बाया म्हणतात. "मार्थे, तू काय माझी सासू हाईस?" गोजरबाई ओरडते. मार्थाबाई पुढची चूल गाठते. राख गार लागली तर भाकरी ठेवते, तीही ताटात, समोर बसून.

पाऊस झाल्यावर लंकाबाई आणि सूर्यभान गावी परतले. जाताना लंकाबाईनं डब्यात एक मूठ पीठ टाकलं, मार्थाबाईच्या पाया पडली. शेवटच्या खोलीला कुलूप लागलं, अजून आहे.

काल दुपारी मी खिडकीत उभी होते; शेवटची खोली अगदी खिडकीखालीच आहे. फेरी संपवून मार्थाबाई त्या कुलपासमोर थांबली. आत ऐकू जाईल अशा बेतानं, हळू आवाजात म्हणाली, "केशरबाई, जेवला का?"

आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ डबा काखेत धरून उभी राहिली.