फादरांनी वाटून घेतलेली चूक

फादरांना कोणी शिवी दिली, तर ते आधी हातातली ओळ पुरी करीत. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून बसवीत, ओळ घट्ट झाली की मान वर करून विचारीत, "हं, काय म्हणत होते तुम्ही?" तोवर शिवी देणाऱ्याचा जोर निम्मा झालेला असे.

ते पाद्री नव्हते. नागपुरातल्या आमच्या दैनिकात खिळे जुळवणाऱ्या जुळारी खात्याचे फोरमन होते. दर रविवारी चर्चमध्ये जात, एवढ्यावरून छापखान्याने त्यांना हे नाव दिले होते.

मशीनमन गुलाबराव त्यांना छेडी. "काहून जी फादर, एक गाल तर झाला. दुसरा कधी देता?"

"तुमच्यासाठीच राखून ठेवला हाये. घाई काहून करता?"

सत्तरच्या दशकात मी तिथे उपसंपादक होतो, अजून कायम झालेलो नव्हतो. रविवारच्या पुरवणीत एकाच पानावर दोन फोटो होते: एका दिवंगत शिक्षकाचा आणि महापालिकेच्या एका उमेदवाराचा. फोटोच्या ठशाच्या, म्हणजे ब्लॉकच्या, मागच्या लाकडावर मी पेन्सिलीने पानातल्या जागेचा आकडा टाकायचा, फोरमनने त्याप्रमाणे ब्लॉक बसवायचा, अशी रीत होती. पान छापून आले तेव्हा उमेदवार श्रद्धांजलीच्या चौकटीत होता.

सोमवारी सकाळी त्याची माणसे फाटकाशी जमली. मी खाली गेलो आणि सगळ्या खात्यासमोर फादरांना म्हणालो, "गाल पुढे करण्यापेक्षा डोळ्यांवर चष्मा चढवा." त्यांनी ओळ पुरी केली. मग मान वर न करता पुढची ओळ सुरू केली.

दुपारी संपादकांनी आम्हा दोघांना बोलावले. ज्याची चूक, तो आजच घरी जाईल, असे सांगितले. फादरांनी दोन्ही ब्लॉक टेबलावर पालथे ठेवले. अक्षर माझे होते आणि आकड्यांची अदलाबदल झालेली होती. नोकरी गेली, असे मी धरून चाललो.

"आकडे यांचे," फादर म्हणाले. "पण या उमेदवाराचं पोस्टर माझ्याच घराच्या भिंतीवर हाये, साहेब. महिन्यापासून रोज पाहून राहिलो. त्याले मयताच्या चौकटीत बसवताना मले दिसाले नको? काढाचं तर दोघांले काढा."

फोरमन गेला तर दुसऱ्या दिवशीचा अंक निघणार नव्हता. संपादकांनी आम्हाला माफी मागायला उमेदवाराकडे पाठवले. त्याने चहा पाजला. अशा बातमीने आयुष्य वाढते, असे त्याच्या आईचे म्हणणे होते.

परतल्यावर जिन्यात मी फादरांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुमचं बोलणं लागलं मले. लागलं नाही असं समजू नका. पण तुमची नोकरी घालवून ते निघणार होतं का?"

ऐंशीच्या दशकात ते निवृत्त झाले. अपमान सगळ्यांसमोर केला आणि क्षमा जिन्यात मागितली, हे मला इतकी वर्षे खटकत होते. निरोपाच्या सभेत मी उभा राहिलो आणि आकडे कोणी टाकले होते ते सांगितले. खात्याला ते ठाऊकच नव्हते. फादरांनी कोणापाशी शब्द काढला नव्हता.

"म्हणजे इतके वर्षं त्या फोटोवरून आम्ही तुम्हालेच चिडवून राहिलो?" गुलाबराव म्हणाला. "काहून नाही सांगितलं जी?"

"ते यांनी सांगाचं होतं. सांगितलं त्यांनी," फादर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बसा आता, साहेब. चहा थंडा होऊन राहिला."