मापमावशीचं टेबल

आमच्या गल्लीत तिला सगळे मापमावशी म्हणतात. टेप न लावता ती माणसाचं माप सांगते, आणि ते चुकत नाही. तीस वर्षं तिने कपडे शिवले. गेल्या वर्षी कोपऱ्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं आणि तिच्याकडे फक्त चेन बदलून घेणारे उरले. मग एके सकाळी ती समोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली आणि मालकाला म्हणाली, "मला शिकव."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी साहित्यात एम.ए. केलंय, प्लग सैल झाला तरी माझा जीव खालीवर होतो. आणि ही बाई छप्पन्नाव्या वर्षी मदरबोर्डवरचे भाग बोटाने दाखवायला लागली!

तीन महिन्यांनी मालकाने अट घातली. बंद पडलेलं एक मशीन तिने एकटीने चालू करायचं. जमलं तर खिडकीजवळचं टेबल तिचं, रोजचं काम तिचं. नाही जमलं तर शिकवणी बंद.

त्याच सकाळी माझा कॉम्प्युटर रुसला. पंखा फिरत होता, स्क्रीन काळी, आणि आतून तीन लांब शिट्ट्या, पुन्हा पुन्हा. मी तो उचलून तिच्यासमोर ठेवला.

"आत काय आहे गं तुझं?" मावशीने विचारलं.

"कविता."

"मग काही घाई नाही," मालक म्हणाला.

"गप रे. तुझ्या शाळेच्या चड्ड्या मी शिवल्यात. तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता."

मालक हसला आणि हाताची घडी घालून बसला.

तिने आधी वायरी तपासल्या. मग दुसरी स्क्रीन जोडून पाहिली. "बाहेरून आत जायचं," ती मला म्हणाली. प्लग काढला. बांगड्या उतरवल्या. खांद्यावर टोचून ठेवलेली सुईसुद्धा काढली; बोर्डावर पडली तर घात. मग खाकी कागदावर तिने कॉम्प्युटरच्या डब्याचा आकार काढला आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या कागदावर त्याच्या जागी खोचला. बाहीचं कापड बाहीपाशी, कॉलरचं कॉलरपाशी, तसं. मालकाची भुवई वर गेली. त्याचे स्क्रू वाटीत असतात आणि शेवटी एक नेहमी उरतो.

"तीन शिट्ट्या म्हणजे मेमरी," ती पुटपुटली. डब्याच्या पत्र्याला हात लावून तिने अंगातली वीज उतरवली. मेमरीची बारीक पट्टी काढली. तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच घासली. मग रेशमाला हात लावावा तशी ती पट्टी खाचेत ठेवली.

बटण दाबलं.

तीन शिट्ट्या.

मालकाने तोंड उघडलं, मग मिटलं. त्याला चूक दिसली होती, हे मला दिसलं. पण अट त्याचीच होती.

"झालं का मावशी?" शेवटी त्याने विचारलं.

"थांब."

ती डोळे मिटून बसली. मग ती एकदम माझ्याकडे वळली. "अगं, आवाजच आला नाही!"

"कसला?"

"शिलाई मशीनमध्ये बॉबिनची केस नीट बसली की टक् वाजते. नाही वाजली तर टाक्यांचा गुंता ठरलेला. ही पट्टी वाजलीच नाही. मी उगाच जपत बसले हिला!"

प्लग पुन्हा काढला. पट्टी खाचेवर सरळ धरली आणि दोन्ही अंगठ्यांनी नेट लावून दाबली. मला वाटलं, आता मोडणार.

टक्. दुसऱ्या टोकाला, टक्.

बटण. एकच छोटी शिट्टी. स्क्रीन उजळली. मी ओरडलेच! रस्त्यावरचे दोघे थांबून आत बघायला लागले. मावशी कागदावरून एकेक स्क्रू काढून जागच्या जागी लावत राहिली. शेवटी कागद रिकामा झाला. तो तिने मालकासमोर झटकला.

"एकही उरला नाही. बघ."

मालक उठला. खिडकीजवळच्या टेबलावरचा आपला जेवणाचा डबा त्याने उचलला, बाहीनेच टेबल पुसलं. "बसा."

मावशीने स्टुलाकडे फक्त एकदा पाहिलं.

"दोन इंच उंच आहे."

मालकाने टेप काढली. तिची उंची, स्टूल, टेबल, सगळं मोजलं. बरोबर दोन इंच. मग तो करवत शोधायला आत गेला.