जीपमधल्या गाठी

धुळवडीचा दुसरा दिवस, साल १९६५. काम: दवाखान्याच्या जीपची सगळी वायर काढून नवी घालणे.

जीप लष्कराच्या लिलावातली. सोनाळ्याजवळच्या त्या दवाखान्यात मी नर्स होते. डोंगराच्या पायथ्याच्या गावांतून अडलेल्या बायका आम्ही जीपमधून जळगाव जामोदला न्यायचो. गेल्या खेपेला वाटेत दिवे विझले. मी कंदील धरून पुढे चालले, ड्रायव्हर मागून गाडी आणत होता. बाई सुटली, पण पुन्हा तसं नको होतं.

मिस्तरी आला तो हात झटकत. "हे काम मी डोये झाकून करतो, बाई." हे त्याचं ठरलेलं वाक्य. असं म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यांचा पहिल्यापासून संशय येतो.

इथे कारणही होतं. त्याने हात लावलेल्या प्रत्येक गाडीत सगळ्या वायरी काळ्या. म्हणजे दुसऱ्या कुणाला दुरुस्ती करता येऊ नये, गिऱ्हाईक बांधलेलं राहावं. मी ओळखून होते. म्हणून वायर मीच आणली. दिव्यांना लाल, हॉर्नला हिरवी.

"रंगाची वायर लवकर जयते," तो म्हणाला.

"जळू द्या. तीच घालायची."

मी खुर्ची टाकून समोरच बसले. थोड्या थोड्या वेळाने तो वेटोळी माझ्यापुढे धरायचा. "सांगा बरं बाई, यातली लाल कोणती? पाहू तुमचं ध्यान हाये का झपकी घेऊन राह्यल्या." मी चिडून बोट दाखवायचे. माझीच परीक्षा घेतो म्हणजे काय!

दुपारी एक बाळंतीण आली, मी आत गेले. बाहेर आले तर काम संपलेलं. ड्रायव्हरने दिव्यांचं बटण ओढलं. दिवे लागले नाहीत, हॉर्न बोंबलायला लागला. झाडावरचे कावळे उडाले.

"काऊन मिस्तरी, दिव्याले कंठ फुटला काय?" ड्रायव्हर पोट धरून हसला.

"तुमची वायरच खोटी हाये," मिस्तरी पुटपुटला.

मी वाकून पाहिलं. पुढच्या बाजूला लाल हिरवीला जोडलेली, हिरवी लालला. सांधे मात्र घट्ट आणि सफाईदार. निष्काळजी माणूस इतकं नीट चुकत नाही. सकाळचे त्याचे प्रश्न मला आठवले. ड्रायव्हरला मी चहा सांगायला पिटाळलं.

"मिस्तरी, ही कोणती?" मी हिरवी वायर उचलली.

त्याने ती लाल वायरीशेजारी धरून पाहिली. "मले दोन्ही एकच दिसते, बाई. लहानपणापासून. कोणाले सांगू नका. कोणी गाडीले हात लावू देणार नाही."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगतलं असतं तर तुमी तरी लावू देला असता काय?"

"नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं.

पण गाडीची गरज कधीही पडली असती, आणि हात त्याचा चांगला होता. आतून टाके घालायचा दोरा आणला. लाल वायरीच्या टोकांना एकेक गाठ, हिरवीच्या टोकांना दोन-दोन. अंगठ्याने गाठी चाचपत त्याने सांधे पुन्हा केले. मी शेजारी उभी राहून प्रत्येक तपासला. दिवे लागले.

चहा घेऊन आलेल्या ड्रायव्हरने विचारलं, "ह्या गाठी काऊन?"

"गाडीले नजर लागू नये म्हणून," मिस्तरीने ठोकून दिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "पक्क्या बांधा."

त्यानंतर तो बेधडक रंगीत वायरी घालायला लागला. वायर विकत घेतानाच दुकानदाराला रंग विचारायचा, गाठी मारून घ्यायचा. दोरा माझ्याकडून न्यायचा आणि मंतरलेला आहे म्हणून सांगायचा. पुढे पुढे ड्रायव्हर लोक आपणहून गाठी मागायला लागले. मला ते पटत नव्हतं, तरी गप्प राहिले. दोरा देताना विचारायचे मात्र, "कुठे लालचं हिरवं केलं नाही ना?"

"डोये झाकून करतो, बाई."

काही वर्षांनी एका संध्याकाळी ड्रायव्हर बाजारातून आला. मिस्तरी तापाने गेला म्हणाला.

"आता आपली गाडी कोण पाहीन, बाई?"

"जळगावला दुसरा आहे. तो रंग पाहून करेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोगी तपासून झाल्यावर मी बॉनेट उघडलं. दोन गाठी झिजून सुटायला आल्या होत्या. आतून दोरा आणला आणि दोन्ही नव्याने बांधल्या.