गाळलेला गुरुवार

आमदारांच्या नावानं विधानसभेत जाणारा प्रश्न मी लिहिला आणि त्यातून गुरुवार गाळला. नजरचुकीनं नाही, ठरवून. वाक्य छान वाजावं म्हणून.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडच्या आमच्या गावात मी हायस्कूलला मराठी शिकवत होतो. अक्षर वळणदार, त्यात सरकारी मराठीची आवड. असा माणूस तालुक्यात फार दिवस मोकळा राहत नाही. अधिवेशन जवळ आलं की आमदारांच्या कार्यालयातून जीप यायची आणि मी तिथं बसून त्यांचे प्रश्न लिहायचो. 'अमुक हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय?' लोकांना वाटायचं, प्रश्न आमदार विचारतात. मला वाटायचं, राज्य मीच चालवतोय. बायकोला तसं काही वाटत नसे. ती मला दळण आणायला पाठवायची.

अशा काळात चाचा माझ्याकडं आले. चाचांचं मोटारी भरायचं दुकान होतं, जळालेल्या पंपाला नवी तार गुंडाळून द्यायचं. कानावर टेस्टर, वाण्यानं पेन्सिल ठेवावी तसा. तुम्ही काही बातमी सांगितलीत की तो टेस्टर निघायचा, तुमच्या छातीवर रोखला जायचा, आणि प्रश्न यायचा, "बघितलं का ऐकलं?" ऐकलं म्हणालात की टेस्टर पुन्हा कानावर. बातमी संपली.

ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते. एका सभेत सरपंच म्हणाले, वरच्या आळीला पाणी पोचलं. टेस्टर निघाला. सगळी सभा उठून वरच्या आळीपर्यंत चालत गेली, नळ सोडून बघायला. नळानं नुसती हवा सोडली.

"चाचा, तुम्ही लोकशाहीला लई चालवता बुवा," सरपंच घाम पुसत म्हणाले.

"बसली की गंजती, सरपंच."

निवडणुकीत चाचांनी एकच शब्द दिला होता, गावच्या आरोग्य केंद्राला कायमचा डॉक्टर. केंद्राला इमारत होती, पाटी होती, खाटा होत्या. डॉक्टरांकडं मात्र दोन केंद्रांचा कारभार. आमच्याकडं ते फक्त गुरुवारी. नर्सची जागा रिकामी. बाकी सहा दिवस कुलूप. चाचांचं दुकान बरोबर समोर. त्यांनी खतवाल्याच्या कॅलेंडरवर वर्षभर खुणा केल्या होत्या, केंद्र उघडेल त्या तारखेला लाल गोल. बाराही पानांवर गुरुवारची रांग तेवढी लाल.

घाईचं कारण घरात होतं. त्यांच्या इरफानची बायको गरोदर होती. तिचं आधीचं बाळ शिरूरला नेताना वाटेतच गेलं होतं.

"जानेवारीत दिवस भरत्यात, सर. तवर डॉक्टर पायजे."

मी बाह्या सरसावल्या आणि लिहिलं, 'सदर आरोग्य केंद्र गेले वर्षभर पूर्णतः बंद आहे, हे खरे आहे काय?' वाचूनही दाखवलं, जरा आवाज लावून.

"पर गुरुवारी उघडतंय की," चाचा म्हणाले.

"चाचा, विधानसभा आहे ती. गुरुवार घातला की प्रश्नाची धार जाते."

"धार कशाला? आपल्याला डॉक्टर पायजे."

मी हसलो. वर्गात एखाद्या पोरानं भाबडा प्रश्न विचारल्यावर हसतो तसा. चाचांनी कानावरचा टेस्टर नीट केला. मग म्हणाले, "लिवा. तुमाला त्यातलं कळतं."

डिसेंबरात आमदारांनी आम्हा दोघांना गॅलरीचे पास दिले. दौंडहून गाडी धरून आम्ही नागपूर गाठलं. दारावरच्या शिपायानं पहिल्यांदा चाचांच्या कानावरचा टेस्टर काढून घेतला.

"हत्यार आत नेता येत नाही."

"हत्यार न्हाई भाऊ, सवय हाय."

आमचा प्रश्न यादीत बराच खाली होता. चौथ्या प्रश्नालाच कशावरून तरी भडका उडाला. सदस्य घोषणा देत अध्यक्षांपुढं जमले, त्यात आमचे आमदारही. कामकाज थांबलं, सुरू झालं, पुन्हा थांबलं. प्रश्नोत्तराचा तास तसाच संपला.

"आपलं आमदार तिकडं कशाला गेलं?"

"हळू बोला, चाचा. पक्षाचा आदेश असतो."

"आन् आपला आदेश?"

शिपायानं ओठांवर बोट ठेवलं. उत्तर द्यायचं वाचलं म्हणून मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

तोंडी चर्चेला न आलेल्या प्रश्नांचीही उत्तरं छापून मिळतात. आमचं बाहेर आल्यावर मिळालं. '(१) हे खरे नाही. आरोग्य केंद्र दर गुरुवारी सुरू असते. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.'

चाचांनी बोट फिरवत दोनदा वाचलं. "सर, खात्याला गुरुवार ठावा हुता. आपल्याला बी ठावा हुता. मग मदीच कुठं गेला वो?"

तेवढ्यात आमदार आले. घोषणांनी त्यांचा घसा बसला होता. मी म्हणालो, दुसऱ्या कुठल्या मार्गानं विषय काढता येईल का? ते म्हणाले, "मास्तर, पहिलंच वाक्य खोटं ठरलं. आता काय घेऊन भांडू? पुढच्या अधिवेशनात बघू." माणूस वाईट नव्हता. बगलेतल्या फायलीत असे ढीगभर प्रश्न होते, आणि त्यातले निम्मे माझ्याच अक्षरातले.

जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी, सुनेला कळा सुरू झाल्या. समोर कुलूप. जीप काढली. शिक्रापूरच्या चौकात ट्रक अडकलेले, कारखान्यांची पाळी सुटलेली. इरफान खाली उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत होता. जीपमध्येच मुलगी झाली. ती जगली. तिची आई शिरूरला, दवाखान्याच्या पायरीवर गेली. रक्त थांबलंच नाही.

कब्रस्तानात मी मागं उभा राहिलो. केंद्रात डॉक्टर असता तर ती वाचलीच असती, असं नाही. मी गुरुवार लिहिला असता तर डॉक्टर महिन्याभरात आलाच असता, असंही नाही. हे मी बायकोला बऱ्याचदा समजावून सांगितलंय. ती ऐकून घेते.

सुनेचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचा शाळेत आले. काखेत कॅलेंडरची गुंडाळी.

"परत लिवा, सर."

"चाचा, आता दुसऱ्या कुणाकडून तरी..."

"दुसऱ्याला पयल्यापासनं शिकवावं लागंल. तुमचं एकदा चुकून झालंय."

ते सांगत गेले, मी मुकाट लिहीत गेलो. "दर गुरुवारी उघडतं, हे खरं हाय का. बाकीचं सा दिस कुलूप असतं, हे खरं हाय का. मंगळवारी..." तिथं थांबले. गुंडाळी टेबलावर ठेवली. "मंगळवार ऱ्हाऊ द्या. त्याचं उत्तर त्यांच्याकडं बी नसंल."

त्या वेळी उत्तर आलं, '(१) होय.' दिवाळीच्या आत डॉक्टर आले, बिऱ्हाडासकट. आमदारांचा सत्कार झाला, मीही व्यासपीठावर होतो. चाचा आले नाहीत. समोरच दुकान उघडं ठेवून जळकी मोटार खोलत बसले होते.

पुढच्या निवडणुकीत त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि ते ग्रामपंचायतीतून सुटले. आणखी काही वर्षांनी छातीत कळ आली, तेव्हा माणसांनी उचलून त्यांना रस्त्यापलीकडं नेलं. डॉक्टर हजर होते. करता येईल ते सगळं त्यांनी केलं. त्याच केंद्राच्या खाटेवर चाचा गेले.

ग्रामपंचायतीनं शोकठराव करायचा ठरवला. लिहायला अर्थात मीच. जागून वगैरे नाही, पण मन लावून दीड पान उतरवलं. 'लोकशाहीचा सच्चा पाईक', 'गोरगरिबांचा आधारवड', असं बरंच. सभेआधी घरच्यांच्या कानावर घालावं म्हणून दुकानात गेलो. चाचांच्या जागेवर इरफान बसला होता, मोटारीत तांब्याची तार भरत. मी वाचायला लागलो. दुसऱ्या वाक्यापासून जरा आवाजही लावला.

इरफाननं तार तोडली.

"सर, नाव घाला, तारीख घाला, सही घ्या. तुमचं चांगलं लिवणं आमाला परवडत न्हाई."