हात मागे बांधून पाहिलेलं जंगल

काळाचौकीहून निघताना आमच्या बालवाडीच्या मोठ्या बाईंनी माझ्या हातात बारा तक्ते ठेवले. पानाचं नाव, फुलाचा रंग, पक्षी किती. "भरून आले नाहीत तर ही शेवटची सहल," त्या म्हणाल्या. पाच वर्षांची बारा मुलं, निम्म्यांना पेन्सिल धरता येत नाही. मला राग आला. मी तक्ते पिशवीच्या तळाशी कोंबले.

दादरला बस बदलून माहीमच्या खाडीकाठी उतरलो. जिथे पूर्वी शहराचा कचरा पडायचा, तिथे आता दाट झाडी आहे. आत शिरताच बाराही मुलांनी हात मागे बांधले आणि ती गप्प उभी राहिली.

पाला झाडणारे माळीकाका थांबले. "पोरं घाबरली काय?"

मलाही तेच वाटलं. "सानिका, हात सोड की. पान धरून बघ."

"नाय टीचर. बघायला गेलं की हात मागे. नायतर कारखान्यातनं बाहेर काढतात."

कारखाना म्हणजे गणपतीचा. आमच्या गल्लीतल्या मुलांना ओल्या मूर्तीसमोर असंच उभं राहायची सवय आहे. मी हट्ट सोडला.

पुढे एका फांदीवर कुंभारीण माशी (मातीचं घरटं करणारी गांधीलमाशी) चिखलाची गोळी आणून बोराएवढं मडकं घडवत होती. मुलं तिथेच खिळली. डब्यातले पोहे गार झाले.

"तोंडानं गुळगुळीत करते," सानिका कुजबुजली. "पॉलिश पेपर नाय तिच्याकडे."

मला राहवेना. मी बोट पुढे केलं.

"टीचर, ओलं हाय अजून."

मी निमूट हात मागे बांधले. निसर्ग शिकवायला मी आले होते म्हणे.

तक्ते कोरेच परत आले. "म्हणजे काहीच केलं नाहीत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पाहिलं," मी म्हटलं. "तक्ते भरायला लावले असते तर तेही झालं नसतं."

दुसऱ्या दिवशी सानिका कारखान्यातून शाडू (मूर्तीची माती) घेऊन आली. दुपारपर्यंत मोठ्या बाईंच्या टेबलावर बारा इवली मडकी होती, प्रत्येकाच्या तोंडाला माशीच्या मडक्यासारखीच दुमडलेली कड. बाईंनी एक उचलायला हात पुढे केला.

"बाई, हात मागे," सानिका म्हणाली.

बाईंनी हात मागे घेतले आणि वाकून पाहत राहिल्या. पुढच्या सहलीचं अजून काही बोललेल्या नाहीत. नाही म्हणाल्या तरी शनिवारी मी आईबापांना विचारून मुलांना नेणार आहे. तक्ते नेणार नाही.